वेढा म्हणजे काय असतं, आणि यादवी शेवटी तिथंच का येऊन थांबते

सोलापूरकराला वेढा समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत, कारण आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घरातली बाई मनातल्या मनात हिशोब लावायला लागते, की टाकीत एवढं आहे, बॅरलमध्ये एवढं, धुणं उद्यावर ढकलू, आणि मधेच पाहुणे आले तर काय. वेढा म्हणजे हाच हिशोब. फरक एवढाच की पाणी परत कधी येणार हे आतल्या कुणालाच माहीत नसतं, आणि नळ बंद करणारा माणूस समोर तोफ लावून बसलेला असतो.

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन भुईकोटात गेलो होतो. बारावीला आहे, इतिहास म्हटलं की मोबाईल काढतो, पण खंदकाच्या काठावर उभा राहून त्यानं विचारलं, "मामा, एवढं कशाला करत बसायचे ओ, किल्ला सोडून बाजूनं पुढं जायचं की." मला हा प्रश्न लई आवडला. तिथं जमेल तेवढं सांगितलं, पण घरी आल्यावर वाटलं की नीट लिहूनच काढावं, कारण हा प्रश्न सुटला की वेढा समजतो, आणि वेढा समजला की आपापसातली युद्धं, म्हणजे ज्याला आपण यादवी म्हणतो, ती शेवटी कुठल्यातरी एका शहराच्या वेशीपाशी का येऊन थांबतात तेही समजतं.

तर बाजूनं पुढं का जाता येत नाही. किल्ल्यात नुसत्या भिंती नसतात, आत शिबंदी असते, म्हणजे पगारी सैन्य. तुम्ही पुढं निघून गेलात की ते दार उघडून बाहेर येतात आणि तुमच्या मागून येणारे बैल, धान्य, दारूगोळा, पगाराचे पैसे सगळं मधेच गाठतात. पुढं शत्रू, मागं शत्रू, आणि मधे उपाशी घोडे, अशी फौज लढाई न करताच मोडते. शिवाय किल्ला ज्याचा त्याचा आजूबाजूचा मुलूख, वसुली त्याची, रस्ता त्याचा. आपल्या सोलापूरसाठी निजामशाही आणि आदिलशाही किती वर्षं भांडल्या, शेवटी हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून दिला गेला. लग्नात आंदण म्हणून जे द्यायचं ते काही बिनकामाचं नसतं. म्हणून किल्ला घ्यावाच लागायचा.

आता घ्यायचा कसा. पहिलं काम म्हणजे सगळ्या बाजूंनी मोर्चे लावून रस्ते बंद करायचे, आत दाणा नाही, बाहेर माणूस नाही. सोलापूरच्या किल्ल्याला एका अंगाला सिद्धेश्वराचं तळं आहे आणि बाकी खंदक, दुहेरी तट, म्हणजे थेट भिंतीला जाऊन भिडणं शक्यच नाही. मग चर खणत पुढं सरकायचं, आणि तेही सरळ नाही, नागमोडी, कारण सरळ चर खणला तर तटावरच्या माणसाला त्याच्या आत थेट गोळी मारता येते. तोफांसाठी मातीचे उंच दमदमे उभे करायचे. जिथं जमीन साथ देते तिथं भुयार खणून भिंतीच्या पायात सुरुंग भरायचा. भिंतीला भगदाड पडलं की सगळ्यांनी मिळून एकदम चढाई करायची, त्याला जुना शब्द सुलतानढवा. पण हा अगदी शेवटचा उपाय, कारण सगळ्यात जास्त माणसं त्या एका तासात मरतात. शहाणा सेनापती शक्यतो तिथवर जातच नाही, तो बसून राहतो.

बसून राहणं सोपं वाटतं पण तसं नाहीये. हजारो माणसं, जनावरं एकाच जागी महिनोन्महिने, तिथंच शौच, तिथंच पाणी, पटकी आणि हगवण तोफांपेक्षा जास्त माणसं मारायच्या. पाऊस लागला की चर भरले. आसपासची वैरण संपली की घोड्यांसाठी लांब लांब जायचं. म्हणजे उपाशी दोन्हीकडचे राहू शकतात, आधी कोण मोडतो एवढाच प्रश्न.

आतल्यांचा हिशोब वेगळा. आपल्या जिल्ह्यात पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे, जमिनीत खोल खड्डा, आतून वैरणीचा थर, वरून तोंड बंद, वर्षानुवर्षं दाणा टिकायचा. जुन्या माणसांना माहितीये की पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं, आतली हवा कोंडलेली असते, माणूस जागेवर जातो. आणि कडक भाकरी, जी आपण आता पाकिटात भरून पुण्या-मुंबईला पाठवतो, पापडासारखी पातळ आणि पूर्ण वाळवलेली, महिनाभर काही होत नाही तिला, वर शेंगाचटणी. ज्यांच्या मुलखात दुष्काळ आणि फौजा दोन्ही येऊन गेल्यात त्यांच्याच स्वयंपाकघरात असं खाणं तयार होतं असं मला मनापासून वाटतं. पण दाणा कितीही असला तरी पाणी नसेल तर तीन दिवस.

तीन दिवस हे मी उगाच म्हटलं नाही. जून १६५८, आग्र्याचा किल्ला. शहाजहानच्या मुलांची भाऊबंदकी चालली होती, सामूगढला औरंगजेबानं थोरल्या भावाला, दारा शुकोहला, हरवलं, दारा दिल्लीकडं पळाला, आणि म्हाताऱ्या बादशहानं किल्ल्याची दारं लावून घेतली. आग्र्याचा तट तोफांना दाद देईना. मग औरंगजेबाच्या माणसांनी यमुनेवरून आत पाणी न्यायचं दारच ताब्यात घेतलं. आतल्या विहिरींचं पाणी मचूळ, ऐन उन्हाळा, आणि शहाजहान आयुष्यभर यमुनेचं पाणी प्यालेला. हिंदू लोक आपल्या मेलेल्या पितरांनासुद्धा पाणी देतात आणि माझा मुलगा जिवंत बापाचं पाणी तोडतोय, अशा अर्थाचं त्यानं लिहिल्याचं सांगतात. तीन दिवसांत दारं उघडली.

पण फक्त पाणी तोडलं म्हणून? माझं म्हणणं इथंच आहे. पाणी तोडणं हे कारण दिसतं, खरं कारण म्हणजे दारा पळालेला होता. तो मोठी फौज घेऊन चार दिवसांत येतोय असं आतल्यांना माहीत असतं तर मचूळ पाणी पिऊनसुद्धा ते तगले असते. वेढ्याचा निकाल आतल्या कोठारात लागत नाही, तो बाहेरच्या रस्त्यावर लागतो. आपल्या मदतीला कुणी येतंय का? येतंय असं वाटतंय तोवर माणूस चामडं उकळून खातो, आणि कुणी येणार नाही हे एकदा कळलं की भरल्या कोठारासकट किल्ला देतो.

ह्याच्या उलट बाजू बघायची तर चांदबीबीच बघा. १५९५ साली अहमदनगरच्या गादीवरून निजामशाहीतले गट एकमेकांत भांडत होते, त्यातल्याच एकानं मोगलांना बोलावलं, आणि मग बोलावलेला पाहुणा घरच मागायला लागला. अकबराचा मुलगा शहजादा मुराद, त्यानं अहमदनगरच्या भुईकोटाला वेढा घातला, सुरुंग भरले. आतल्यांनी काही सुरुंग हुडकून त्यातली दारू काढून टाकली, पण एक उडालाच आणि भलंमोठं भगदाड पडलं. चांदबीबी स्वतः तिथं उभी राहिली, दिवसभर लढाई झाली आणि रातोरात जे सापडेल ते टाकून भगदाड बुजवलं गेलं. ही गोष्ट आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहितीये. जी कमी सांगितली जाते ती अशी की विजापूर आणि गोवळकोंड्याची फौज मदतीला निघालेली होती, आणि बाहेर मोगलांच्याच छावणीत दाण्याची टंचाई होती. म्हणून १५९६ मध्ये तह झाला, वऱ्हाड देऊन अहमदनगर वाचलं. चारच वर्षांनी परत वेढा पडला, तेव्हा ना मदत येत होती ना आत एकी राहिली होती, चांदबीबीला तिच्याच माणसांनी फितुरीचा संशय घेऊन मारलं, आणि किल्ला गेला. भिंती त्याच होत्या ना!

आणि आपलं सोलापूर, मे १८१८. ही काही यादवी नव्हती, इंग्रज-मराठे युद्धाचा शेवट होता, पण धडा तोच. पेशव्याची फौज किल्ल्याच्या आश्रयाला होती, इंग्रजांचा सेनापती मन्रो आला, आधी पेठ घेतली, बाहेरची फौज सीना नदीच्या दिशेनं निघाली ती पाठलागात उधळली, आणि त्यानंतर एवढा मजबूत कोट काही दिवसांतच खाली झाला. पेशवा स्वतःच पळतीवर होता, वाट कुणाची बघायची?

आता यादवीकडं येऊ. हा शब्दच बघा, यादवांनी आपापसात मारामारी करून कुळ संपवलं त्यावरून आलेला. परक्याशी लढाई असली तर तो हरून आपल्या देशात परत जाऊ शकतो. यादवीत परत जायला दुसरा देशच नसतो, दोघांनाही तीच जमीन, तीच गादी, तीच राजधानी पाहिजे. त्यामुळं मैदानात एक लढाई हरलेला पक्ष पळतो, परत माणसं गोळा करतो, परत येतो, आणि हे दहा-दहा वर्षं चालतं. थांबतं कधी, तर पळायची वाटच बंद झाली की. म्हणून वेढा.

आणि यादवीतल्या वेढ्यात एक क्रूर गोष्ट जास्तीची असते, आतल्या माणसाचं घरदार बाहेरच्याच्या ताब्यातल्या मुलखात असतं. १७०७ ला शाहू महाराज मोगलांकडून सुटून आले, ताराबाईंनी त्यांना मानलं नाही, खेडला लढाई झाली आणि मग साताऱ्याला वेढा पडला. आत परशुराम त्र्यंबक प्रतिनिधी किल्ला द्यायला तयार नव्हते. तेव्हा किल्ल्यावरच्या शेख मिराचं कुटुंब वाईला धरलं गेलं आणि किल्ला दिला नाही तर त्यांना तोफेच्या तोंडी देऊ असा निरोप गेला. शेख मिरानं प्रतिनिधींनाच कैद करून किल्ला दिला. एक भिंत पाडावी लागली नाही. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. पण भाऊबंदकी संपली का? नाही. सातारा आणि कोल्हापूर हे भांडण पुढं तेवीस वर्षं चाललं आणि १७३१ ला वारणेच्या तहानं मिटलं. म्हणजे धाकानं दार उघडतं, पण आतल्या माणसाला उद्या काय मिळणार हे ठरलं नाही तर युद्ध दुसऱ्या गावाला जाऊन बसतं.

वेढ्यानं यादवी खरोखर संपवली असं सगळ्यात स्पष्ट उदाहरण द्यायचं तर अमेरिकेचं, १८६१ ते १८६५. उत्तर विरुद्ध दक्षिण, आणि मुळाशी गुलामगिरी. मिसिसिपी नदीच्या वळणावर उंच टेकाडावर व्हिक्सबर्ग नावाचं गाव, त्याच्या तोफा नदीवर रोखलेल्या, त्यामुळं उत्तरेची नदीवाट तिथं तुंबलेली. मे १८६३ मध्ये उत्तरेचा जनरल ग्रँट तिथं पोचला, १९ आणि २२ मेला दोनदा चढाई केली, दोन्ही वेळेला माणसं कापली गेली. मग तो बसला. चर, सुरुंग, नदीवरून आणि जमिनीवरून रात्रंदिवस तोफा.

गावातल्या लोकांनी काय केलं, तर तिथली टेकाडं पिवळ्या मऊ मातीची आहेत, त्यात गुहा खणल्या. बायका, लेकरं, त्यांचे गुलाम, सगळे त्या गुहांत. काहींनी आत सतरंज्या आणि खुर्च्या नेल्या होत्या. पीठ संपत आलं तेव्हा चवळीसारख्या कडधान्याचं पीठ करून पाव भाजायला लागले, आणि तो पाव काही केल्या नीट भाजायचा नाही, बाहेरून दगड आणि आतून कच्चा. ज्यांनी कधी घाईत बाजरीची भाकरी बिघडवलीये त्यांना ते तोंडात आल्यासारखं कळेल. मग खेचराचं मांस. गावातलं वर्तमानपत्र कागद संपल्यावर भिंतीला चिकटवायच्या नक्षीच्या कागदाच्या मागच्या बाजूवर छापलं जात होतं, म्हणजे एका बाजूला फुलं आणि दुसऱ्या बाजूला बातम्या. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसलो होतो. काय काय करून माणसं आपलं रोजचं आयुष्य धरून ठेवतात.

ते सगळे एका माणसाची वाट बघत होते, जनरल जॉन्स्टन. त्याची फौज पूर्वेला होती आणि ती येणार, ग्रँटच्या पाठीवर पडणार, अशी आशा रोज. तो आला नाही, ग्रँटची फौज तोवर सत्तर हजारांच्या पुढं गेली होती. जूनच्या शेवटी आतल्या सेनापतीला, पेंबर्टनला, सैनिकांच्या नावानं एक निनावी पत्र आलं, की खायला घालता येत नसेल तर आम्हाला शरण तरी दे. ४ जुलै १८६३ ला त्यानं गाव दिलं, वेढा ४७ दिवसांचा, शरण आले साधारण साडेएकोणतीस हजार. पाच दिवसांनी खालच्या अंगाचं पोर्ट हडसन पडलं आणि सगळी नदी उत्तरेची झाली. टेक्सास, आर्कान्सा असा पलीकडचा मुलूख, जिथून गुरं आणि माणसं यायची, तो दक्षिणेपासून तुटला.

शेवट झाला पीटर्सबर्गला. दक्षिणेची राजधानी रिचमंड, तिच्या खाली साधारण ३७ किलोमीटरवर पीटर्सबर्ग, आणि राजधानीला येणाऱ्या बऱ्याच रेल्वेलाईनी ह्या गावातून जाणाऱ्या. आपल्याला हे वेगळं सांगायला नको, सोलापूर-होटगी लाईन कुणी तोडली तर बाजारात काय होईल तेवढा विचार करा. दक्षिणेचा सेनापती ली ह्यानं आधीच बोलून दाखवलं होतं, की ग्रँट जेम्स नदीपर्यंत पोचला तर हा वेढा होऊन बसेल आणि मग नुसता दिवसांचा प्रश्न राहील. जून १८६४ ला तेच सुरू झालं आणि एप्रिल १८६५ पर्यंत चाललं, नऊ महिन्यांच्या वर. ह्याला पूर्ण वेढा म्हणता येत नाही, गाव सगळीकडून बंद नव्हतं कधीच, ग्रँट फक्त आपली खंदकांची रांग दर महिन्याला थोडी थोडी पश्चिमेला लांबवत राहिला, प्रत्येक वेळी एखादी रेल्वे किंवा रस्ता गिळत. लीला समोर तेवढीच रांग ताणावी लागायची, माणसं कमी, रांग लांब, शेवटी ती ५० किलोमीटरच्या घरात गेली.

ग्रँटनं एकदा शॉर्टकट घ्यायचा प्रयत्न केला. पेनसिल्व्हेनियाच्या एका पलटणीत कोळसा खाणीतले कामगार होते, त्यांनी ५११ फूट लांब भुयार खणलं, शत्रूच्या तटाखाली ८,००० पौंड दारू भरली आणि ३० जुलैच्या पहाटे उडवली. प्रचंड खड्डा पडला. आणि मग उत्तरेचे सैनिक खड्ड्याच्या कडेनं पुढं जायचं सोडून खड्ड्यात उतरले, वरून गोळ्या सुरू झाल्या, बाहेर चढता येईना. चढाईची तालीम ज्या काळ्या सैनिकांनी केली होती त्यांना आयत्या वेळी मागं ठेवलं होतं आणि सगळं बिघडल्यावर आत ढकललं, त्यातल्या कितीतरी जणांना शरण आल्यावरही मारलं गेलं. ह्या भागाबद्दल मला आजही राग येतो. एका दिवसात उत्तरेची जवळपास ३,८०० माणसं गेली, जखमी आणि पकडलेले धरून, आणि वेढा जागचा हलला नाही.

वेढा हलवला पाव आणि पत्रांनी. नदीकाठी सिटी पॉइंटला ग्रँटचा तळ होता, तिथून थेट खंदकांच्या मागं रेल्वे टाकली, तिथल्या भट्ट्यांतून रोज लाखभर माणसांचा पाव निघायचा. समोरचे सैनिक मूठभर मक्याच्या पिठावर. आणि त्यांना घरून बायकांची पत्रं यायची, की शेत पडून आहे, लेकरं उपाशी आहेत, तुम्ही या. १८६५ च्या हिवाळ्यात रोज रात्री माणसं खंदकातून उठून जायला लागली, कुणी घरी, कुणी थेट समोरच्या बाजूला. १ एप्रिलला फाइव्ह फोर्क्सला लीची उजवी बाजू मोडली, २ एप्रिलला शेवटची रेल्वे गेली, त्याच रात्री पीटर्सबर्ग आणि रिचमंड दोन्ही सोडली.

प्रत्येक वेढा असा संपत नाही. १९४८ साली चीनच्या यादवीत छांगछुन शहर पाच महिने कोंडलं गेलं, बाहेर पडणाऱ्या सामान्य माणसांनाही कम्युनिस्ट फौजेनं पुढं जाऊ दिलं नाही आणि आतल्या राष्ट्रवादी फौजेनं परत आत घेतलं नाही, दोन रांगांच्या मधे माणसं गवत खाऊन मेली. भुकेनं मेलेल्यांचे बहुतेक अंदाज लाखाच्या पुढं जातात. ऑक्टोबरमध्ये आतली एक अख्खी फौज फुटली आणि शहर पडलं, पुढच्या वर्षी देशही. बोस्नियातल्या सारायेव्होत १९९२ ते १९९६ उलटं झालं, शहर पडलं नाही, विमानतळाच्या खालून साधारण ८०० मीटरचं भुयार खणून त्यातून पीठ, औषधं आणि बंदुका येत राहिल्या, अकरा हजारांवर माणसं मेली तरी शहर तगलं, आणि बाजारात पडलेल्या तोफगोळ्यानंतर बाहेरचे देश मधे पडले, १९९५ च्या शेवटी युद्ध थांबवणारा डेटन करार झाला. कुणीतरी येणार हा प्रश्न तिथं असा सुटला, फार उशिरा.

भाच्याला मी शेवटी सांगितलं ते लीच्या शरणागतीचं. पीटर्सबर्ग सोडल्यावर आठवडाभर त्याची फौज पश्चिमेला धावत होती, ज्या स्टेशनवर रेशन मिळेल म्हणून गेले तिथं रेशनच आलं नव्हतं. ९ एप्रिल १८६५ ला अपोमॅटॉक्सला एका घराच्या बैठकीच्या खोलीत ली आणि ग्रँट समोरासमोर बसले. जुने लोक ज्याला कौल म्हणायचे तो तिथं लिहिला गेला, हत्यारं ठेवा, घरी जा, परत लढणार नाही असा शब्द द्या, कुणी तुम्हाला त्रास देणार नाही. लीनं माणसं उपाशी आहेत म्हणून सांगितलं तेव्हा ग्रँटनं २५,००० माणसांचं रेशन पाठवायचा हुकूम केला. मग लीनं अजून एक सांगितलं, की आमच्या घोडेस्वारांचे आणि तोफखान्याचे घोडे सरकारी नाहीत, ज्याचे त्याचे आहेत. ग्रँटला हे माहीत नव्हतं. तो म्हणाला की ह्यातले बरेच जण छोटे शेतकरी असणार, ज्याचा घोडा किंवा खेचर असेल त्यानं तेवढं सांगून घेऊन जावं, तिकडं पेरणीचे दिवस होते.

भाचा म्हणाला, "म्हणजे बैलजोडी परत दिली की मामा." मी म्हटलं, हो, बैलजोडी परत दिली.